पाण्याला हरताळ

जुने लेखनिक पोथीतले चुकलेले अक्षर पिवळ्या हरताळाने झाकीत; ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. हा हरताळ म्हणजे सोमलाचा सख्खा भाऊ. दोघांच्याही पोटी आर्सेनिक! पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत आपण साध्या शहाणपणालाच हरताळ फासला आहे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. ऐन दिवाळीत हा कडू घास कशाला, असे वाचकांनी म्हणू नये. नरकचतुर्दशीला कारिट फोडून जिभेला लावण्याची चाल कोकणात आहेच.

आमच्या कर्जत-खालापुराकडे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांचा एक विक्रेता आला. ‘काका, तुमच्या बोअरिंगमध्ये आर्सेनिक असणार,’ तो म्हणाला. ‘पाणी तपासलेत?’ मी विचारले. ‘तपासायचे कशाला? यंत्र घ्या, काळजी मिटली!’ नाडी न पाहता मात्रा उगाळणारा वैद्य याहून निराळा तो काय?

पण आमचे गावकरी तरी कुठे शहाणे? ‘पाणी कसे आरशासारखे आहे! आजोबा हेच प्याले,’ म्हणतात. अहो, आर्सेनिकला ना रंग, ना वास, ना चव. उकळाल तर पाणी आटेल आणि विष तेवढेच राहील. शिवाय आजोबा प्याले ते आडाचे. बोअरिंग मागाहून आले. बंगालने हाच धडा घेतला. पटकीपासून माणसे वाचावीत म्हणून तिथे गावोगाव नळकूप खोदले. पटकीचे जंतू टळले, पण गाळातले आर्सेनिक वर आले. १९८३ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. के. सी. साहांनी रोग्यांच्या कातडीवरचे डाग पाहून ते ओळखले. पुढे बांगलादेशाने सुमारे ५० लाख नळकूप तपासून रंगवले: लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे प्या. निरक्षर बाईलाही कळेल असा हा निकाल!

आमचा काळा पाषाण म्हणजे बंगालचा गाळ नव्हे. तीच आपत्ती इथे आहे असे सांगणे खोटेपणाचे होईल. परंतु निव्वळ भूगोलावर विसंबणेही बरे नव्हे. आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडातल्या कौडीकसा गावी गंगेचा गाळ नाही, तरी पाण्यात आर्सेनिक निघाले. आणि पाताळगंगेकाठी, रसायनीला, कारखाने आहेत, हे काय मी सांगायला हवे?

घराघरांतले यंत्र हा उपाय म्हणावा, तर ते हंडाभर पाणी देताना त्याहून अधिक मोरीत सोडते. वैशाखात ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांतल्या बाया हंड्यासाठी डोंगर उतरतात. खालापुरातल्या मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते. आणि फार्महाऊसच्या मोरीतून शुद्धीकरणाचा ओघळ वाहतो! दोष निघालाच, तर आधी जवळची निर्दोष विहीर शोधावी. तीही नसेल, तर लोहाच्या गंजाला आर्सेनिक चिकटते, या गुणावर चालणारी गाळणी गावाने मिळून बसवावी, आणि तिचा विषारी गाळ ओढ्यात टाकू नये.

माझी मागणी लहान आहे. पिण्याची प्रत्येक विहीर, प्रत्येक बोअरिंग प्रयोगशाळेत तपासावे, लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ही आर्सेनिकची मर्यादा. जंतूही पाहावेत, कारण आमच्याकडे पावसाळ्यात पहिला घाला त्यांचाच. निकाल कपाटात न ठेवता तारखेसह विहिरीच्या कठड्यावर रंगवावा. विक्रेत्याची भीती आणि गावकऱ्याची बेफिकिरी, दोन्ही त्या चार ओळींनी गप्प होतील. फराळ झाला की पुढच्या ग्रामसभेला जा आणि एवढेच विचारा: आमच्या विहिरीचा निकाल कुठे आहे?