कानांनी ऐकायचा ग्रंथ : ख्रिस्ती उपासनेत बायबलचे स्थान



तुम्ही दिल्लीत राहत असाल, तर नाताळच्या दिवशी गोल डाकखान्याजवळच्या सेक्रेड हार्ट कॅथेड्रलसमोर होणारी गर्दी तुम्ही नक्कीच पाहिली असेल. कदाचित मुलाबाळांना घेऊन त्या गर्दीत उभेही राहिला असाल. तिथे सगळ्या धर्मांची माणसे येतात. कुणी मेणबत्ती लावतो, कुणी गव्हाणीचा देखावा पाहतो, कुणी फोटो काढतो आणि घरी परततो. वेदीजवळच्या वाचनपीठाकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ख्रिस्ती उपासनेचा मोठा भाग त्याच जागेवरून चालतो. तिथे उभे राहून कुणीतरी बायबल मोठ्याने वाचते आणि बाकीचे सगळे ऐकतात.

आज आपण या वाचनाविषयी बोलू या. ते इतके महत्त्वाचे का मानतात? आणि ते आपल्या मराठीत ऐकू यावे म्हणून कुणी किती कष्ट घेतले?

रविवारी चर्चमध्ये काय होते?

कॅथलिक पंथाच्या उपासनेला ‘मिस्सा’ म्हणतात. तिचे दोन मुख्य भाग असतात. पहिला भाग वचनाचा, दुसरा भाकरी आणि द्राक्षारसाचा. रविवारी पहिले वाचन बहुधा जुन्या करारातले असते. त्यानंतर एक स्तोत्र म्हटले जाते. मग प्रेषितांच्या पत्रांमधला उतारा येतो आणि शेवटी शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची आणि शिकवणुकीची हकिकत.

आधीची वाचने लोक बसून ऐकतात. शुभवर्तमानाच्या वेळी मात्र सगळे उठून उभे राहतात. अंगठ्याने कपाळावर, ओठांवर आणि छातीवर लहानसा क्रूस काढतात. ऐकलेले वचन डोक्यात राहावे, तोंडी यावे आणि मनात रुजावे, असा त्याचा अर्थ. त्यानंतर धर्मगुरू त्याच उताऱ्यांवर प्रवचन करतात.

कोणत्या रविवारी काय वाचायचे, हे आधीच ठरलेले असते. हे चक्र तीन वर्षांचे आहे. एका वर्षी मुख्यतः मत्तयाचे शुभवर्तमान, दुसऱ्या वर्षी मार्कचे, तिसऱ्या वर्षी लूकचे. योहानाचे शुभवर्तमान विशेष करून ईस्टरच्या काळात येते. त्यामुळे वसईतल्या चर्चमध्ये आणि दिल्लीतल्या चर्चमध्ये एकाच रविवारी बहुधा तेच उतारे वाचले जातात, फक्त भाषा वेगळी असते.

प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये तर प्रवचन हा उपासनेचा कणाच असतो. अनेक ठिकाणी लोक आपापले बायबल घेऊन येतात. पाळकांनी अध्याय आणि वचन सांगितले की पाने उलटण्याचा आवाज येतो. आता पुष्कळांच्या हातात मोबाइल असतो, एवढाच फरक. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलमध्ये ७३. हा फरक जुन्या करारातला आहे. नव्या करारातली २७ पुस्तके दोघांची सारखीच.

ही रीत आली कुठून?

मोठ्याने वाचण्याची ही रीत येशूच्याही आधीची आहे. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. परदेशातल्या बंदिवासातून लोक यरुशलेमला परतले होते. एज्रा नावाच्या शास्त्र्याने शहराच्या एका वेशीजवळ, पहाटेपासून दुपारपर्यंत, त्यांना नियमशास्त्र वाचून दाखवले. लेवी लोकांमध्ये फिरून त्याचा अर्थ सांगत होते. अर्थ कळला तेव्हा माणसे रडू लागली. पुढे लूकच्या शुभवर्तमानात येशू स्वतः आपल्या गावच्या सभास्थानात उभा राहून यशया संदेष्ट्याचा लेख वाचतो.

इ.स. १५० च्या सुमारास रोममध्ये राहणाऱ्या जस्टिन यांनी ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या सभेचे वर्णन लिहून ठेवले आहे. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचायचे, मग प्रमुखाने उपदेश करायचा, मग प्रार्थना आणि भाकरी. आजचा क्रम जवळजवळ तोच आहे.

त्या काळी ग्रंथ हाताने लिहिलेले आणि महाग असत. वाचता येणारी माणसेही थोडीच. म्हणून एकाने वाचायचे आणि सगळ्यांनी ऐकायचे, हेच सोयीचे होते. पण त्यात एक अट आपोआप येते. वाचलेले ऐकणाऱ्याला कळले पाहिजे. कळले नाही, तर वाचन हा केवळ आवाज उरतो.

मराठी कानांसाठी

ही अट आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वीच एकाने ओळखली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी ऐकायला काही नव्हते. स्टीफन्सने त्यांच्यासाठी बायबलची कथा मराठी ओवीत सांगितली. ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर इथे छापले गेले. मिस्सा लॅटिनमध्येच होत असे, पण पुराणाची ओवी लोकांच्या ओळखीची होती. चर्चमध्ये ते वाचले जाऊ लागले.

बायबलच्या गद्य भाषांतराची सुरुवात बंगालमधल्या श्रीरामपूरला झाली. विल्यम कॅरी यांच्या मिशनने १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले आणि १८११ मध्ये नवा करार. पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांनी आणि बाबा पदमनजींसारख्या मराठी लेखकांनी ही भाषा सुधारली.

या प्रवासातले सर्वांत जिव्हाळ्याचे नाव मात्र पंडिता रमाबाईंचे. संस्कृतच्या या विदुषीला जड, पंडिती मराठी लिहिणे काहीच अवघड नव्हते. पण पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांच्याभोवती दुष्काळातून वाचलेल्या मुली आणि घराने टाकलेल्या विधवा होत्या. त्यांना कळेल असे बायबल हवे होते. म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि दीड दशकाहून अधिक काळ मूळ भाषांमधून सोप्या मराठीत भाषांतर करत राहिल्या. खिळे जुळवणे, छापणे, पुस्तक बांधणे ही कामे मुक्तीच्या छापखान्यात तिथल्या स्त्रियांनीच केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले.

ज्यांना एके काळी अक्षरओळखही नव्हती, अशा बायकांनी एक अख्खा धर्मग्रंथ अक्षर अक्षर जुळवून उभा केला. उपासनेत बायबल कुणासाठी वाचतात, या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर सापडणे कठीण.

कॅथलिकांच्या मिस्सेत लोकभाषेला वाट मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. ही परिषद १९६२ ते १९६५ या काळात झाली. त्यानंतर वसईच्या चर्चमध्ये वाचने आणि प्रार्थना मराठीत घुमू लागल्या. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले. पुस्तकाच्या नावातच त्यांचा हेतू आहे. हेच दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

आपल्या घरातली गोष्ट

आता पुन्हा दिल्लीकडे येऊ. नोएडा, गुरुग्राम, द्वारका अशा ठिकाणी राहणारी मराठी ख्रिस्ती कुटुंबे बहुतेक वेळा इंग्रजी किंवा हिंदी उपासनेला जातात. त्यात गैर काही नाही. मुलांना ज्या भाषेत कळते, त्या भाषेत त्यांनी ऐकावे, हे तर वरच्या साऱ्या इतिहासाचेच सांगणे आहे. पण घरात आजी-आजोबा असतील तर विचार करा. आयुष्यभर ज्यांनी ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ हा विश्वास मराठीत मनाशी धरला, ते भरल्या चर्चमध्ये एकटे तर पडत नाहीत ना?

यावर एक सोपा उपाय आहे. शनिवारी रात्री जेवणानंतर दुसऱ्या दिवशीचे शुभवर्तमान घरात मराठीतून मोठ्याने वाचा. वाचायला मुलांना सांगा. हिंदी शिकलेल्या मुलांना देवनागरी येतेच, त्यामुळे अडखळत का होईना, ती मराठी वाचू शकतात. एखादा शब्द अडला तर आजीला विचारू द्या. दहा मिनिटांत आजीला तिचे वचन मिळेल आणि नातवंडांना आजीची भाषा. रविवारी तोच उतारा इंग्रजीत कानावर पडला, की दोघांनाही तो ओळखीचा वाटेल. मराठी बायबल आता मोबाइलवर वाचायला आणि ऐकायलाही मिळते, त्यामुळे पुस्तक घरी नाही ही अडचणही उरत नाही.

आणि तुम्ही ख्रिस्ती नसाल, तर पुढच्या नाताळात देखावा पाहून लगेच निघू नका. उपासना चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा. लोक उभे राहिले की तुम्हीही उभे राहा आणि वाचन ऐका. कीर्तनाला बसलेल्या माणसाला किंवा पोथी ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला ते परके वाटणार नाही. एकाने वाचावे, सगळ्यांनी ऐकावे, आणि ऐकलेले घरी घेऊन जावे, ही रीत आपल्याही ओळखीची आहे.