बशी कुणाची, नाव कुणाचे?

लोणच्याच्या बरणीला आपण बिनदिक्कत 'चिनीमातीची' म्हणतो. ती चीनहून आली काय, हे कुणी विचारीत नाही. जपानच्या जुन्या रंगीत पोर्सलेनबाबत मात्र 'हे कुठले?' या प्रश्नाने विद्वानांची झोप उडविली आहे. मला या वादाचे फार कुतूहल वाटते. वरवर तो बशांचा असला, तरी आतून एका गावाच्या अब्रूचा आहे.

क्यूशू बेटावरील आरिता येथे सतराव्या शतकाच्या आरंभी जपानचे पहिले पोर्सलेन भाजले गेले. 1640 च्या सुमारास तेथे झिलईवर रंग चढविण्याची कला रुजली. पांढरे भांडे आधी सुमारे 1300 अंशांत भाजायचे, मग हिरवा, पिवळा, जांभळा, तांबडा असे रंग भरून पुन्हा सुमारे 800 अंशांत. सारा घोळ या दुसऱ्या भाजण्यात आहे!

दूर कागा प्रांतात कुतानी नावाचे खेडे. गडद हिरव्या-पिवळ्या रंगांच्या दिमाखदार बशा 'जुने कुतानी' म्हणून त्याच्या नावावर गाजल्या. परंतु 1970 नंतरच्या दशकात आरितातील यामाबेता भट्टीपाशी तशाच बशांचे तुकडे निघाले. आज बहुतेक जाणकार त्या बशा आरिताच्याच मानतात. कुतानीच्या अभिमान्यांचा युक्तिवाद असा, की कोरी भांडी तिकडून आणून रंग आमच्याकडे भरले असतील. पण आरितात रंगीत तुकडेही सापडल्याने ही बाजू लंगडी पडली.

मग बूड उलटून पाहावे, तर तेथेही फसगत! चीनचा चेंगह्वा बादशहा 1487 साली वारला. त्याच्या कारकिर्दीचा शिक्का दोनशे वर्षांनंतरच्या जपानी बशांवरही बिनधास्त उमटलेला असतो. त्यापेक्षा बुडावरचे बारीक डाग बोलके. भाजताना तळ खचू नये म्हणून लावलेल्या टेकूंच्या त्या खुणा जपानी कारागिरांची सवय सांगतात.

काळ ठरवायला खरी मदत होते ती घरच्या यादीची. इंग्लंडमधील बर्ली हाउसच्या 1688 च्या यादीत झुंजणाऱ्या मल्लांची जोडी नोंदलेली आहे. त्या जपानी बाहुल्या आजही तेथे आहेत. म्हणजे त्या 1688 पूर्वीच्या, यात शंका नाही. कुण्या कारकुनाने कंटाळत लिहिलेली एक ओळ शंभर तज्ज्ञांना पुरून उरली!

कुतानीत आजही सुंदर भांडी होतात; त्यांचे मोल कुणी हिरावलेले नाही. पण ज्या आरिताच्या अनाम हातांनी ते हिरवे रंग भरले, त्यांच्या पदरी तीनशे वर्षांनंतर का होईना, त्यांचे श्रेय पडले. तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत आजीची जुनी बशी हाती आली, तर ती कुणी, केव्हा, कुठून आणली, एवढे एका चिठ्ठीवर लिहून ठेवा.