खाडीपुलावर ऐकलेलं

भाईंदर सुटलं की गाडी वसईच्या खाडीवर येते आणि डब्यातल्या सगळ्यांचा आवाज एक पट्टी वर चढतो. खडखडाट वाढलेला असतो, दारातून खाडीचा वारा घुसलेला असतो, शेजारच्याशीही ओरडूनच बोलावं लागतं. गंमत पुढेच आहे. पूल संपतो, पण बोलणाऱ्याची पट्टी खाली यायला दोन-चार वाक्यं जातात. नायगावच्या अलीकडची ती वाक्यं सबंध डबा ऐकतो. कोणाच्या मुलीचं ठरलं, कोणाच्या साहेबाने काय दिवे लावले, हे विरार लोकलमध्ये तीस वर्षं काढलेल्या माझ्यासारख्याला असंच कळत आलं आहे.

यंदा जुलैत अशीच काही वाक्यं माझ्या वाट्याला आली. मी चौथ्या सीटवर, म्हणजे अर्धा बाकावर आणि अर्धा हवेत. समोर दोन तरुण उभे, गळ्यात ओळखपत्राच्या पट्ट्या. एक म्हणाला, "वर गेलोच नाही रे. खाली टपरीवर चहा घेतला, गेल्या खेपेचे फोटो लावले, तारीख बदलली, दिला रिपोर्ट." दुसऱ्याने विचारलं, "आणि गच्ची?" "गच्ची काय पळून जाते?"

पट्टीवर कंपनीचं नाव होतं. इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करणारी कंपनी. मी वसई रोडला उतरलो, घरी येऊन वहीत तारीख, गाडीची वेळ आणि ती वाक्यं जशीच्या तशी उतरवली. आणि वही मिटली.

का मिटली? एक कारण म्हणजे माझा जुना अनुभव. मागे एकदा आमच्याच डब्यात "उद्या साहेबांचं पाकीट पोचवायचं" असं ऐकून मी दोन दिवस मनातल्या मनात खटला चालवला होता. पुढे कळलं, साहेब निवृत्त होत होते आणि ऑफिसने वर्गणी काढली होती. तेव्हापासून पाकीट या शब्दाची मला धास्तीच आहे. दुसरं कारण, तो मुलगा. पंचविशीतला असेल. माझ्या एका पत्राने त्याची नोकरी जाईल आणि दिवसाला चार-चार इमारती उरकायला लावणारा त्याचा वरिष्ठ मात्र खुर्चीत राहील, असं वाटलं. त्याने टपरीवर चहा का घेतला, हे मला कुठे ठाऊक होतं?

तिसरं कारण सांगायला जीभ रेटत नाही. भीती. ती अगदीच मनाची नाही. सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांनी आपलं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती. 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्यांचा खून झाला. आपल्या तळेगाव दाभाडेत जमिनींचे व्यवहार बाहेर काढणारे सतीश शेट्टी 13 जानेवारी 2010 ला सकाळी मारले गेले. माहिती देणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा 2014 मध्ये संसदेने संमत केला, पण तो अजून अमलात आलेला नाही. लाच मागितली तर निदान 1064 हा क्रमांक आहे. न चढलेल्या जिन्यासाठी कुठला क्रमांक फिरवायचा?

वसईला बोलणाऱ्यांची उणीव नव्हती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी उघड उभे राहिले, त्यांच्यामागे माणसं उभी राहिली. पण ते व्यासपीठावरचं बोलणं. डब्यात ऐकणारा एकटाच असतो आणि त्याला पुढच्या स्टेशनला उतरायचं असतं.

26 ऑगस्टच्या रात्री, गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री, विरारच्या विजयनगरमध्ये रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला. 17 माणसं गेली. त्या इमारतीचा माझ्या वहीशी संबंध आहे असं मानायला काडीचंही कारण नाही. ती अनधिकृत होती, आणि कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं होतं ते तीस वर्षांनंतर. तिला तर पंधराही झाली नव्हती. तरी त्या रात्री मी वही उघडली.

नालासोपाऱ्यातल्या 41 इमारती आठवल्या. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर त्या उभ्या राहिल्या, उच्च न्यायालयाच्या आदेशाने फेब्रुवारी 2025 पर्यंत सगळ्या पाडल्या गेल्या आणि सुमारे 2500 कुटुंबं रस्त्यावर आली. त्याआधी 2023 मध्ये विरार पोलिसांनी बनावट परवानग्यांचं प्रकरण उघड केलं, त्यात 55 इमारती निघाल्या. आता बघा, 41 काय किंवा 55 काय, ही काही एका माणसाने बंद खोलीत करायची कामं नव्हेत. कोणीतरी रबरी शिक्का बनवला, कोणी लेटरहेड छापलं, कोणी टाइप केलं, कोणी फाइल नेऊन पोचवली. बरीचशी पगारी माणसं. ती संध्याकाळी गाडीने किंवा शेअर रिक्षाने घरी जात असणार, बोलत असणार. म्हणजे आपल्यापैकी कोणाच्या तरी कानांवर ते पडलंच असणार.

साहेबाला खोटं सांगून मॅचला गेलेल्याची चुगली करणं मी आजही हलकटपणा समजतो. त्या मुलाने खाडे केले असते, खोटी बिलं लावली असती, तर ते कंपनीने बघून घ्यावं. पण गच्ची कंपनीची नव्हती. तिच्याखाली माणसं झोपत होती आणि आपलं घर तपासलं गेलं आहे या भरवशावर झोपत होती. एवढा फरक कळायला मला दीड महिना लागला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी कंपनीला पत्र लिहिलं. ऐकलं तेवढंच. मुलाचं वर्णन नाही, माझा तर्क नाही. खाली स्वतःचं नाव आणि फोन नंबर. व्हॉट्सअॅपवर टाका, असा सल्ला दोघा-तिघांनी दिला. तिथे टाकलं असतं तर रात्रीपर्यंत मुलाचा चेहरा सापडला असता. इमारत मात्र नसती सापडली. शेजारचे काका म्हणाले, "तुम्ही कशाला पडता यात?" त्यांच्या या प्रश्नातूनच आमच्या यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय सुचला. 'कानावर आलेलं' एवढंच सांगून आम्ही लेखकांना लिहितं केलं. आलेल्या मजकुरात विनोदी कथा सर्वांत जास्त निघाल्या, ते एका परीने बरंच झालं. दिवाळी आहे.

दहा दिवसांनी कंपनीतून एका बाईंचा फोन आला.

"इमारत कुठली?"

"माहीत नाही."

"आमच्या माणसाचं नाव?"

"विचारलं नाही."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, त्या आठवड्यात आमची नऊ ऑडिट झाली आहेत. नऊच्या नऊ पुन्हा करायची का?"

"हो," मी म्हणालो.

"बघतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुढे काही कळलेलं नाही. सध्या संध्याकाळी स्टेशनवरून घरी चालत येताना दोन्ही बाजूंना कंदील लागलेले दिसतात, आणि माझी नजर त्यांच्यावरून सरकत वर गच्चीकडे जाते.