बियाण्याची हमी आणि पावती

नंदुरबार जिल्ह्यातील शेतकरी मिरचीचे व सोयाबीनचे बी आता मोबाइलवरूनही मागवितात. ‘उगवले नाही तर पैसे परत’ ही हमी वाचून मन निर्धास्त होते. परंतु पिशवीची किंमत परत मिळाली, तरी गेलेला हंगाम परत येत नाही. खरी भरपाई पिकाच्या नुकसानीची होय. शेतकरी हा ग्राहक असून ती ग्राहक न्यायालयात मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली मान्य केले आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दूरच्या विक्रेत्याविरुद्धही आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते.

मात्र त्यास पुरावा पाहिजे. प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान 70 टक्के, तर मिरचीची 60 टक्के असावी लागते. पावती, पिशवी, टॅग व थोडे बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. उगवण फसल्यास शेत मोडण्यापूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पाहणी करवून घ्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे पेरणीपूर्वीच घरोघर सांगावे. पिशवी चुलीत गेल्यावर सांगितलेला कायदा शेतकऱ्याच्या कामी येत नाही.