कोंडाण्याच्या खोऱ्यांत

दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत कोल्का नांवाची एक दरी आहे. तिची खोली १०,००० फुटांहून अधिक. सकाळीं ऊन तापूं लागलें म्हणजे वर चढणाऱ्या हवेवर तेथील कोंडोर पक्षी पंख न हालवितां तरंगत कड्यापर्यंत येतात. पसरलेले पंख या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सुमारें दहा फूट! हल्लीं परदेशीं राहणारी आपल्यांतील तरुण मंडळी हौसेनें तेथें जाऊन येतात. त्यांचें आम्हांस कौतुकच आहे. परंतु घरच्या वडील मंडळींनीं ‘असें कांहीं आपल्याकडे आहे काय?’ म्हणून विचारल्यास उत्तर लांब नाहीं. कर्जतपर्यंत आगगाडी, पुढें कोंडिवड्यापर्यंत रिक्षा, कीं समोर उल्हास नदीचें खोरें उभें राहतें.

मापानें आपण हरूं, हें उघड आहे. लोणावळें समुद्रसपाटीपासून सुमारें २,००० फुटांवर, कर्जत जेमतेम २००. म्हणजे आमची दरी कोल्काच्या पांचव्या हिश्श्याइतकीही खोल नाहीं. पण कोंडाणें गांवावरून रानाची वाट धरून तास-दीड तास चालावें, म्हणजे कोल्काच्या वाटेवर नाहीं तें येथें भेटतें: दोन हजार वर्षांपूर्वींचीं बौद्ध लेणीं. चैत्याची कमान, सज्जे, जाळ्या सर्व कातळांत. पण घडण हुबेहूब लांकडी घराची. दर्शनी भागाजवळ एका भग्न मूर्तीच्या शिराशेजारीं ब्राह्मी लिपींत एवढेंच कोरलेलें आहे कीं, हें काम कण्हाचा शिष्य बलक यानें केलें. राजाचें नांव नाहीं, दानाची रक्कम नाहीं. गुरूचें आणि स्वतःचें नांव, बस्स. पावसाळ्यांत याच लेण्यांच्या तोंडावरून पाण्याची धार कोसळते. मात्र त्या दिवसांत वाटेवरचे ओढे घटकेंत फुगतात. पाणी चढलेलें दिसतांच मागें फिरावें.

लेण्यांपासून उधेवाडीपर्यंतची चढण दमछाक करणारी आहे. वाडी श्रीवर्धन व मनरंजन या राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांच्या कुशींत वसली आहे. गांवकरी पिठलें-भाकरी घालतात, रात्रीचा निवाराही देतात.

कोंडोराचें काम आपल्या देशांत गिधाडें करीत. जटायूच्या या कुळास गांठलें तें गुरांच्या औषधानें. डायक्लोफिनॅक दिलेलें जनावर मेलें व तें गिधाडानें खाल्लें, कीं त्याचीं मूत्रपिंडें निकामी होत. हें कारण २००४ मध्यें उमगलें, २००६ मध्यें जनावरांसाठीं तें औषध बंद झालें. तोंवर पांढऱ्या पाठीचीं व लांब चोचीचीं गिधाडें शेंकडा नव्वदांहून अधिक नाहींशीं झालीं होतीं. त्यांचें वाईट कोणीच चिंतिलें नव्हतें. गाईची कळ थांबावी, इतकाच हेतु.

हें येथें सांगण्याचें कारण राजमाचीचे काजवे. ज्येष्ठांत, पाऊस तोंडावर आला असतां, या रानांतील झाडेंच्या झाडें एका तालावर उजळतात व विझतात. ती दिवाळी आपल्यासाठीं नव्हे. नर चमकून मादीस हांक घालतो, झुडपांत बसलेली मादी मंद उजेडानें ओ देते. हा संसार जुळण्यास त्यांच्या हातीं थोडेच आठवडे असतात. अशा वेळीं शेंकडों माणसें विजेऱ्या व मोबाईलचे दिवे पाजळीत रानांत शिरतात. त्या झोतांत नराची खूण मादीस दिसत नाहीं. पायवाट सोडून गवतांत शिरलें, तर बसलेल्या माद्या पायांखालीं जातात. मुलांस दाखविण्यासाठीं बाटलींत काजवे भरणारे आईबापही आम्हीं पाहिले आहेत. शिकलेलीं माणसें होतीं.

आमचें मत असें कीं, जावें, पण अमावास्येच्या आगेमागें, आणि शनिवार-रविवार टाळून. विजेरी लागेलच; तिच्यावर तांबडा कागद बांधावा व उजेड पायांपुरताच ठेवावा. झाडासमोर येतांच ती विझवून पंधरा-वीस मिनिटें निमूट बसावें. डोळे अंधारास सरावले म्हणजे पुढचें झाड आपोआप दिसूं लागतें. परततांना वृद्धांनीं कोंडाण्याचा उतार उतरूं नये. लोणावळ्याकडील सुमारें पंधरा किलोमीटरचा रस्ता धरावा, तोही गाडीनें. जोराचा पाऊस सुरू झाला, कीं त्या रस्त्याचा चिखल होतो.