ढग आपला, किल्ली कुणाची?

हायब्रिड म्हटलं की आधी कार आठवते, मग वर्क फ्रॉम होम. पण हिंजवडी-खराडीतल्या माझ्या आयटीवाल्या दोस्तांच्या तोंडी हल्ली तिसराच हायब्रिड असतो... हायब्रिड क्लाउड!

फंडा सोप्पा आहे, मंडळी. रोजचा स्वयंपाक घरी आणि लग्न निघालं की केटरर. कंपनीची स्वतःची यंत्रणा म्हणजे घरचं किचन. ॲमेझॉन किंवा मायक्रोसॉफ्टकडून भाड्याने घेतलेले सर्व्हर म्हणजे केटरर. पण नुसतं दोन्ही असून भागत नाही. दोन्ही जोडलेले हवेत, काम इकडून तिकडे हलवता यायला हवं. अमेरिकेच्या एनआयएसटीने २०११ मध्ये व्याख्या केली, तीही या जोडणीवरच भर देते. सेलच्या दिवसांत वेबसाइटवर झुंबड उडाली, की जादा सर्व्हर भाड्याने घ्यायचे. ग्राहकांच्या नोंदी मात्र घरच्याच कपाटात.

'आपला डेटा कुठेतरी ढगात' ही भीती वाटतेच. गंमत म्हणजे हा ढग पुण्यातही आहे! मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात ॲझ्युरची तीन केंद्रं सुरू केली, त्यातलं 'सेंट्रल इंडिया' आपल्या पुण्यात. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा आदेश दिला, तेव्हा असा देशी पत्ता भलताच कामाचा ठरला.

पण पत्ता जवळचा म्हणजे माल सुरक्षित, असं नाही हं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्याच कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसलं आणि सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. म्हणजे प्रश्न पत्त्याचा नाही, किल्लीचा आहे.

भाड्याच्या ढगात इमारत, वीज, मशीन क्लाउड कंपनी बघते. पासवर्ड, परवानग्या, चुकून उघडी राहिलेली फाइल ही जबाबदारी तुमची. हायब्रिडमध्ये तर घरं दोन, कुलपं दुप्पट आणि मधल्या बोळावरही पहारा! शिवाय बिल. डेटा आत टाकणं बहुतेक ठिकाणी फुकट, बाहेर काढताना मात्र रिक्षासारखं मीटर पळतं.

तेव्हा तुमच्या ऑफिसात हा विषय निघाला, तर तीन प्रश्न बिनधास्त विचारा. कुठला डेटा घराबाहेर जाणार? किल्ली कुणाकडे? उद्या सगळं परत आणायचं तर खर्च किती? उत्तरं मिळाली नाहीत, तर प्रेझेंटेशन कितीही झकास असो... जरा थांबा, बॉस!