वाघांना मिळाली ती शांतता आपल्यालाही हवी

पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या सिवनी–नागपूर महामार्गाच्या कडेला सुमारे ४ मीटर उंचीच्या भिंती उभारल्या आहेत. गाड्यांचा आवाज आणि दिव्यांचा झोत जंगलात जाऊ नये, हा त्यांचा हेतू. आम्ही या कामाचे स्वागतच करतो. मात्र आपल्याच मध्य प्रदेशात वाघांसाठी जी काळजी घेतली गेली, ती वस्तीतल्या माणसांसाठीही घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इंदुरात उड्डाणपूल वाढत आहेत. सुदामानगरलगतच्या फूटी कोठी चौकात झाला, भंवरकुआंला झाला. वाहतुकीची सोय झाली, हे मान्य. पण पुलावरच्या गाडीचा आवाज थेट वरच्या मजल्याच्या खिडकीशी येतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रुग्णालये व शाळांभोवतीच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. नियम कागदावर राहिला, तर घरातल्या वृद्धांना झोप कशी लागणार?

भिंत मात्र योग्य हवी. नुसती काँक्रीटची किंवा पारदर्शक भिंत आवाज समोरच्या घरांवर परतवते. रस्त्याच्या बाजूला भोकांचा पत्रा आणि आत खनिज लोकर असेल, तर ती आवाज शोषते. गाडी आणि खिडकी यांच्या आड येईल इतकी ती उंच असावी, मध्ये फट नसावी. चांगल्या भिंतीने साधारण ५ ते १० डेसिबल आवाज उतरतो. १० उतरले, तर कानाला तो निम्मा वाटतो. भिंतीच्या वर राहणाऱ्या मजल्यांना मात्र फारसा फायदा नाही.

राजवाड्यासारख्या दुकानांच्या रस्त्यांवर भिंत शक्य नाही. तेथे हॉर्नलाच आवर घालावा लागेल. विनाकारण हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेनुसार पहिल्या वेळी १००० रुपये दंड आहे. तो वसूल व्हावा, आणि सुरुवात आपल्या घरच्या गाड्यांपासून व्हावी.

पूल झाल्यावर भिंत लावायची, तर वजनाचा आणि वाऱ्याचा हिशेब नव्याने करावा लागतो. म्हणून ती नव्या पुलाच्या नकाशातच असावी. नगर निगमच्या पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, तो मराठी असो वा नसो, सभासदांनी विचारावे: आमच्या भागातला आवाज मोजला का, आणि भिंत कधी लावणार? चहा जरूर द्यावा. उत्तर मिळेपर्यंत मताचा शब्द देऊ नये.